मांजराला घर मिळालं

सरकारी जनावरांच्या दवाखान्यात मांजर हे जनावर नसतं. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, गाढव, कोंबडी आणि साहेबाचा कुत्रा, एवढ्यांसाठी आम्हाला पगार मिळायचा. मांजर आलंच तर ते ‘इतर’मध्ये जायचं. माझ्या नोकरीत ‘इतर’मध्ये सर्कशीतलं एक अस्वल गेलं, एका वकिलाचा पोपट गेला, आणि आज ज्याच्याविषयी लिहायला बसलोय ते मांजर गेलं. अस्वल बरं झालं. पोपटाला काही झालेलंच नव्हतं.

निवृत्त पशुवैद्य भेटला की लोकांना हसवणारे किस्से हवे असतात. ते माझ्याकडं पुष्कळ आहेत आणि दर दिवाळीला फराळासोबत नातेवाइकांना मी ते ऐकवतो. पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा ‘विसरता न येणारी केस’ मागितली. हसवणाऱ्या केसेस मी विसरू शकतो.

आधी आमचा धंदा सांगतो. तो बाहेरच्यांना वाटतो तसा प्राणिप्रेमाचा नाही. जनावर दारात आलं की पशुवैद्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, हे काय देतं? दूध देतं, नांगर ओढतं, की पोटात वासरू आहे? जे देतं त्याच्यावर मालक औषध करतो, जे देत नाही ते बाजारात जातं. मी धनगराच्या घरातला, त्यामुळं मला हे कॉलेजात शिकावं लागलं नाही. आमचे आबा मेंढरांच्या भोवती रात्री जाळीचं कुंपण घालत, त्याला आम्ही वाघूर म्हणतो. एखादी मेंढी नाक गाळायला लागली की आबा तिला उचलून वाघुरीच्या बाहेर बांधायचे. “कळप वाचला पायजे,” एवढंच म्हणायचे. वाघुरीबाहेरची मेंढी सकाळी असायचीच असं नाही, कारण लांडगेही आमच्या मागं मागंच फिरत. मी रडलो तर आबा मला रागवायचे नाहीत, पण मेंढी आतही घ्यायचे नाहीत.

परभणीला शिकून मी औरंगाबादला आलो तेव्हा शहर फुगत होतं. चिकलठाण्याच्या शेतांत कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या, मग वाळूजकडं. त्याबरोबर म्हशींना नवीनच दुखणं लागलं. चारा सोडायच्या, पाठ वाकवून उभ्या राहायच्या, कण्हायच्या. पोट उघडलं की आत तारा, खिळे, पत्र्याच्या चकत्या. कारखान्यांच्या कुंपणाबाहेरचं गवत खाल्लेल्या म्हशीच्या पोटात अख्खं भंगाराचं दुकान निघायचं. शहागंजच्या एका गवळ्यानं तर मी काढलेले नटबोल्ट धुऊन मागून घेतले. “स्कूटर कू लग जाते, साब,” म्हणाला.

अशीच एक म्हैस शिवून मी हात धूत होतो, तेव्हा इंदूबाई आल्या. रांगेत शेळ्या-मेंढ्यांच्या मागं त्या बराच वेळ उभ्या होत्या म्हणे. चाळिशीच्या आसपासची बाई, अंगावर कंपनीचा निळा कोट, आणि छातीशी धरलेलं पुठ्ठ्याचं खोकं.

“काय आहे?”

“मांजर हाय, साहेब.”

“तुमचं?”

“कुणाचंच नाय.”

“मग आणलं कशाला?”

“कुणाचंच नाय म्हणून.”

मी थकलेलो होतो आणि थकलो की मी चिडका होतो. पण या उत्तरावर काय चिडायचं ते मला कळेना. मी खोकं उघडलं.

पांढऱ्यावर करड्या ठिपक्यांची मांजरी होती. इंदूबाई चिकलठाण्याच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होत्या. मांजरी त्यांच्या शेडच्या मागं राहायची. पॅकिंगमधल्या बायकांनी तिचं नाव सुपरवायझर ठेवलं होतं, कारण कामाच्या वेळात ती नुसती इकडून तिकडं फिरायची. महिनाभरापासून तिचं फिरणं बंद झालं होतं. हिरड्या पांढऱ्याफटक, तोंडात फोड, अंगात ताप, गळ्याखाली आणि मागच्या पायांशी गाठी. रक्ताचा थेंब काचेवर पसरून मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मला तो अजिबात आवडला नाही. असा रोग मी फक्त पुस्तकात वाचला होता. माझा एक वर्गमित्र मुंबईत मोठ्या लोकांची कुत्री-मांजरं बघायचा, त्याच्याकडं परदेशातून आलेली तपासणीची पेटी होती. बर्फाच्या थर्मासमध्ये रक्त घालून मी ते ओळखीच्या एसटी ड्रायव्हरच्या हाती पाठवलं. मित्राचा फोन आला. आधी तो मांजराचं रक्त एसटीनं पाठवलं म्हणून पोटभर हसला, मग म्हणाला, “ल्युकेमिया आहे. शंका नको.”

मांजरांचा हा रक्ताचा कॅन्सर एका विषाणूनं होतो. एकमेकांना चाटून, एका ताटलीत खाऊन, भांडणात चावून तो एका मांजरातून दुसऱ्यात जातो. माणसाला होत नाही, कुत्र्याला होत नाही, म्हशीला होत नाही. औषध नाही. सकस खायला दिलं, थंडीवाऱ्यातून आणि दुसऱ्या दुखण्यांतून जपलं, तर मांजर वर्षभर जगतं, नशीब असेल तर थोडं जास्त. पण ते बंद घरात ठेवायला हवं, आणि त्या घरात दुसरं मांजर नको. बाहेर सोडलं तर ते लवकर मरतं, आणि मरण्याआधी दहा घरच्या मांजरांना मरण वाटून येतं.

हे सगळं मी इंदूबाईंना सांगितलं. दुसरा मार्गही सांगितला. आमच्याकडं त्याला ‘शांत करणं’ म्हणतात, एका इंजेक्शनचं काम. मलमपट्टी करणारा माझा ड्रेसर गफार तेवढ्यात टेबलापासून लांब सरकला. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं हे त्यानंही कुठून तरी ऐकलेलं होतं, आणि काशीशी त्याचा काही संबंध नसला तरी त्याला जोखीम नको होती.

इंदूबाई म्हणाल्या, “खाती का अजून?”

“खाते थोडं.”

“मंग कसं मारायचं? खाणाऱ्याला?”

“मग घर बघा हिच्यासाठी,” मी म्हणालो. मला वाटलं विषय संपला. बाईंना तो तिथं सुरू झाला असं वाटलं.

इंदूबाई पुंडलिकनगरात एका बंगलीच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. तिथंच ठेवा की, असं मी म्हणालो, तर त्यांनी मान हलवली. “लई मुश्किलीनं भेटली खोली. मालकाला बोलायला कारण नको.” या बोलण्याकडं मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मांजरी आमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत ठेवली. संसर्गाच्या वासरांसाठी ती खोली होती. इंदूबाई कामावरून सुटल्यावर रोज यायच्या, तिला उकडलेलं अंडं भरवायच्या, आणि मग आम्ही घर शोधायला निघायचो. माझ्या स्कूटरवर मागं ती बाई आणि तिच्या मांडीवर खोकं. बायको म्हणाली, लोक काय म्हणतील. मी म्हणालो, लोक मला म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातलेला बघतात, ते आणखी काय म्हणणार?

सिडकोत एका कंपनीच्या इंजिनिअरचा फ्लॅट होता. पुण्याची मंडळी, घर बंदिस्त, मांजराची हौस. त्यांच्या कुत्र्याला मी लस टोचायचो. बाईंनी खोक्यात डोकावून “कित्ती गोड” म्हटलं आणि मी रोगाचं नाव घेतल्यावर सोफ्यावर पाय वर घेतले.

“पण कॅन्सर ना हो?”

“माणसाला होत नाही.”

“कॅन्सर तो कॅन्सरच ना पण.” चहा मात्र त्यांनी आग्रहानं पाजला.

क्रांती चौकात टायपिंगचे क्लास चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडं उंदरांचा सुळसुळाट होता. त्यांनी विचारलं, “उंदीर धरती का?” मी म्हटलं, अंगात ताकद नाही. “मग काय मी तिच्याकडं बघत बसू?” त्यांचं बोलणं तसं रोखठोक होतं, माझ्याच धंद्यातलं होतं.

एकच माणूस क्षणाचाही विचार न करता हो म्हणाला. शहागंजातले अत्तरवाले चाचा. त्यांच्या दुकानात गादीवर मांजर, तराजूत मांजर, बरण्यांच्या मागं मांजर. “रख के जाओ ना, डॉक्टर साब. इत्त्याँ हैं, एक और सही. पूछना काय कू?” इंदूबाईंचा चेहरा असा उजळला की मला नाही म्हणवेना. पण म्हणावं लागलं. त्या गादीवरचं एकेक मांजर मला डोळ्यांसमोर पांढऱ्या हिरड्यांचं दिसायला लागलं. जो ठेवायला तयार, त्याच्याकडं ठेवता येत नव्हतं, आणि जिथं ठेवता येत होतं, तिथं कुणी तयार नव्हतं. परत येताना मी स्कूटरवरून त्यांना म्हणालो, “बाई, एवढा जीव कशाला लावताय? मांजरंच आहेत, रोज मरतात.”

मग मागून आवाज आला, “आमचं घर जाळलं तवा आम्ही ज्वारीत पळालो, साहेब. शेळी दावणीला राहिली. सोडायला वेळ नाय भेटला. तिचा आवाज लई वेळ येत व्हता.”

मी स्कूटर चालवत राहिलो. घर कुणी जाळलं, कशासाठी, हे विचारायची मराठवाड्यातल्या माणसाला गरज नव्हती. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा मी शिकत होतो. नावाला विरोध शहरात झाला, त्याचा जाळ खेड्यांतल्या दलितांच्या घरांना लागला. बाईंचा नवरा त्यानंतर खचला आणि काही वर्षांनी गेला. त्या शहरात आल्या, कंपनीत लागल्या. लढा अजून चालूच होता. मोर्चे निघायचे, बंद व्हायचे, एसटी थांबायच्या, आणि आम्ही आपले थांबलेल्या एसटीतून लस कशी आणायची याची काळजी करायचो. त्या एका वाक्यानंतर बाईंनी मला पुन्हा कधी त्या दिवसाविषयी सांगितलं नाही.

शेवटी त्यांनीच घरमालकाला विचारलं. आणि तो हो म्हणाला.

या मालकांना सगळे तात्या म्हणत. गावाकडं ऊस, इथं सरकारी कचेरीत नोकरी, मुलगी सासरी गेलेली, घरात नवरा-बायको दोघंच. मी रोग समजावून सांगायला गेलो तेव्हा तात्यांनी मला ओसरीत बसवलं, सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, “माणसाला लागत नाय ना? मग झालं तर. मुकं जनावर. त्याचं कोण हाय दुसरं?” रविवारी ते स्वतः जाळी, खिळे आणि हातोडी घेऊन बसले आणि इंदूबाईंच्या खोलीच्या खिडकीला त्यांनी जाळी ठोकली. दाराखालच्या फटीला पट्टी लावली. हात झटकत म्हणाले, “आता मांजर भाईर जायचं नाय आन दुसरं आत यायचं नाय.” इतका समजूतदार मालक मी म्हशींच्या बाबतीतही पाहिला नव्हता.

पुढचे सात-आठ महिने सुपरवायझर त्या खोलीत राहिली. तिच्या अंगावर थोडं मांस आलं, तोंडातले फोड बसले. मी पंधरवड्यातून एकदा जायचो. इंदूबाई कामावर गेल्या की तात्या मधून मधून खोलीत डोकावायचे, तिला खाजवायचे, शहागंजातून तिच्यासाठी खिमा आणायचे. तात्यांच्या बायकोला सगळे माई म्हणत, त्या इंदूबाईंना वाटीभर कालवण द्यायच्या. इंदूबाईंचं जाधव हे आडनाव ऐकून तात्यांनी मनाशी धरलंच होतं की बाई आपल्यातल्या, कुठल्या तरी लांबच्या पाहुण्यांतल्या. त्यांनी विचारलं नाही, इंदूबाईंनी सांगितलं नाही. आमच्या भागात हे आडनाव मराठ्यांत आणि दलितांत, दोन्हीकडं असतं.

मग त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या नावाचा निर्णय लागला. शहरात कुठं पेढे वाटले गेले, कुठं दुकानं बंद झाली, खेड्यांतून पुन्हा वाईट बातम्या यायला लागल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी इंदूबाई दवाखान्यात आल्या. या वेळी हातात खोकं नव्हतं.

“खोली सोडा म्हणलेत.”

“का?”

“मांजराचा रोग लई वाईट हाय म्हणत्यात. घरात नको म्हणत्यात.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाला मी रोग पाठ करून दिला होता, तो आता अडाण्यासारखं बोलत होता. मी तसाच, रबरी एप्रन काढून, पुंडलिकनगरात गेलो. इंदूबाई फाटकाबाहेरच थांबल्या. तात्या ओसरीतच होते. मी त्यांच्यासमोर बसून पुन्हा सगळं सांगितलं, विषाणू, लाळ, चावा, माणसाला नाही, पोराबाळांना नाही. ते दर वाक्याला मान हलवत होते. “बरोबर हाय. अगदी बरोबर, डॉक्टर.” माझं बोलून झालं तरी ते मान हलवतच होते.

“मग अडचण कसली?”

ते अंगणात बघत राहिले. “परवा बाईंच्या कंपनीतल्या बाया आल्या व्हत्या. फाटकातून जय भीम म्हणाल्या. बाई पण म्हणाल्या. चांगलं जोरात.”

मी फाटकाकडं बघितलं.

“मला काय नाय वो, डॉक्टर. मी शिकलेला माणूस. पण गावाकडं जावं लागतं. भाऊबंद विचारत्यात, कुणाला ठिवलंय घरात? वातावरण बघताय ना तुम्ही.”

“म्हणजे रोगाचा प्रश्न नाही.”

“रोगाचा कशाला आसंल?” त्यांना खरंच नवल वाटलं. “तुम्हीच तर सांगितलं, माणसाला लागत नाय. बाईंच्या तोंडावर दुसरं काय सांगणार? वाईट दिसतं.” मग ते जरा पुढं सरकले आणि आवाज उतरवून, मोठ्या मायेनं म्हणाले, “आन मांजराची काळजी करू नका. ते राहू द्या इथंच. मी सांभाळतो. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?”

मी आयुष्यात पुष्कळ संतापलो आहे, वरिष्ठांवर, कसायांवर, लस उन्हात ठेवणाऱ्यांवर. त्या ओसरीत मला संतापताही आलं नाही. मी विचारलं, “आणि बाईंचा काय दोष?” तात्या म्हणाले, “दोष कुठं म्हणतोय मी? सोभाव तर लई चांगला हाय.” ते खोटं बोलत नव्हते. माई दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

बाहेर येऊन मी इंदूबाईंना सांगायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, “मला ठाऊक हाय, साहेब. तुम्ही रोगाचं सांगायला गेलते म्हणून म्हणलं जाऊ द्यावं.” आणि थोड्या वेळानं, “बाया आल्या त्या दिशी मला हळू म्हणवलं नाय बघा. इतकी वर्सं हळू म्हणलं. त्या दिशी जोरात निघालं.”

मग आम्ही पुन्हा घर शोधायला लागलो, या वेळी दोघींसाठी. इंदूबाईंना खोली हवी होती, आणि मांजरीसाठी त्या खोलीला नीट दार, खिडकीला जाळी हवी होती आणि आसपास दुसरं मांजर नको होतं. मला वाटलं, मांजराचं सांगितलं की लोक नाही म्हणतील. मांजरापर्यंत गोष्ट गेलीच नाही. खोली दाखवायच्या आधी लोक विचारायचे, “मूळ गाव कोणतं? पाहुणे कुठले?” आमच्याकडं जात विचारत नाहीत, पाहुणे विचारतात. काही जण मला बाजूला घेऊन म्हणायचे, “डॉक्टर, आपल्यातल्याच ना?” आपल्यातल्या म्हणजे कुणातल्या, हे मी एकाला विचारलं. त्यानं मला वेड्यात काढलं. बाई आता कुणालाच मोघम उत्तर देत नव्हत्या. विचारलं की सरळ सांगायच्या, आणि आम्ही पुढच्या घराकडं निघायचो. मी माझ्या ओळखीचे, ज्यांच्या गाईम्हशी मी मरणाच्या दारातून परत आणल्या होत्या, त्यांच्याकडंही त्यांना नेलं. म्हैस वाचवल्याचं ऋण म्हशीपुरतंच असतं, हे मला त्या आठवड्यात कळलं.

माझ्या घरात आमची मांजर व्यालेली होती. नाहीतर सुपरवायझरला मी उचलून आणलं असतं. इंदूबाईंना आणलं असतं का? बायकोनं हा प्रश्न मला विचारला नाही, मीही तिला विचारला नाही. आमच्याकडं जास्तीची खोली नव्हती एवढं खरं आहे.

शेवटी बाईंची मावसबहीण म्हणाली, माझ्याकडं या. नाल्याकाठची वस्ती, पत्र्याची एकच खोली, दाराला पोतं, आणि आजूबाजूला माणसांइतकीच मांजरं. मी ती जागा जाऊन पाहिली. बहिणीनं मला पाणी दिलं, चहा दिला, बसायला पत्र्याची पेटी दिली. चांगली बाई होती. पण त्या जागी सुपरवायझर आठ दिवस जगली नसती, आणि जाताना सगळी वस्ती घेऊन गेली असती.

खोली सोडायच्या आदल्या संध्याकाळी इंदूबाईंनी मला बोलावलं. सामान बांधून झालं होतं. मांजरी खिडकीत, जाळीला पाठ लावून बसली होती. तिला काहीच माहीत नव्हतं, आणि मला तिचा हेवा वाटला.

“साहेब, तुम्ही डॉक्टर हाव,” त्या म्हणाल्या. “माझं काय ते सोडून द्या. नुसतं मांजराचं सांगा. कुठं बरं?”

मला दुसरं उत्तर शोधायचं होतं. मी खिडकीकडं बघितलं, दाराखालच्या पट्टीकडं बघितलं. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सरकारनं नेमलं होतं तो हाच प्रश्न होता, आणि त्याचं खरं उत्तर एकच होतं.

“इथं,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मांजरीला उचलून घेतलं, तिच्या कानामागं बोट फिरवलं आणि तिला परत खिडकीत ठेवलं. सकाळी टेंपो आला तेव्हा ती आत कोंडलेली होती. बाईंनी बाहेरून कडी नीट लागली का ते हलवून पाहिलं.

तात्यांनी शब्द पाळला. मी हे नाइलाजानं लिहितो, पण लिहायला हवं. त्यांनी ती मांजरी पोटच्या पोरीसारखी सांभाळली. खिमा चालू राहिला, जाळी सैल झाली तर लगेच ठोकली गेली. तिच्या तोंडाला वास यायला लागला तरी ते कापसानं तिचं तोंड पुसायचे, मोकळ्या हातानं. माझ्याकडून शिकून घेऊन औषधाचे थेंब द्यायचे. सुपरवायझर हे काय नाव आहे, म्हणून त्यांनी तिला सोनी म्हणायला सुरुवात केली, आणि दोन-चार दिवसांत ती त्या नावाला मान वळवायला लागली. एका नावासाठी या मराठवाड्यात किती घरं जळली होती. या मांजराचं नाव एका दुपारी बदललं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. मी तपासायला गेलो की तात्या तिला मांडीवर घेऊन बसलेले असायचे. त्यांच्याकडं बघून मला राग यायचा आणि तो राग पुरायचा नाही. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

उन्हाळ्यात ती गेली. सकाळपासून धाप लागली होती. मी पोहोचलो तेव्हा तात्या रजा टाकून बसले होते आणि मांडीवर तिचा श्वास संपत आला होता. मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती गेल्यावर तात्या माझ्यासमोर रडले. अंगणात सीताफळाच्या झाडाखाली त्यांनी स्वतः खड्डा खणला, माईंनी वरून हळदकुंकू वाहिलं. मी नळावर हात धूत होतो. तात्या डोळे पुसत शेजारी आले, टॉवेल पुढं केला आणि म्हणाले, “डॉक्टर, मागची खोली रिकामीच हाय. कुणी वळखीचं आसलं तर सांगा. आपल्यातलं.”

मी टॉवेल न घेता ओल्या हातांनी स्कूटर सुरू केली. त्यानंतर त्या घरी मी गेलो नाही. म्हणून काही झालं नाही, त्यांना माझी गरजही उरली नव्हती.

इंदूबाईंना सांगायला हवं होतं. मी दुपारची सुट्टी व्हायच्या वेळी कंपनीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. त्या बाहेर आल्या, मला पाहिलं आणि मी सांगायच्या आधीच त्यांना कळलं. आम्ही कुंपणाजवळ सावलीला उभे राहिलो. त्या बारीक झाल्या होत्या. पत्र्याच्या खोलीत उन्हाळा कसा जातो, हे मी विचारलं नाही.

“लई तडफडली का?”

“नाही. थोडी धाप लागली, तेवढंच.”

“एकटी व्हती?”

“नाही. तात्या होते. त्यांच्या मांडीवरच गेली.”

इंदूबाईंनी कोटाच्या बाहीनं कपाळ पुसलं.

“मांडीवर घेतलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “बरं झालं.” मग, कुणाची तक्रार करताहेत असं अजिबात वाटू न देता, “खोली सोडली त्या सकाळी मी माईंना प्यायला पाणी मागितलं, साहेब. वर्सभर त्यांच्या चुलीवरचं खाल्लं व्हतं. त्यांनी तांब्या आणला आन लांबूनच माझ्या वंजळीत वतला.”

आत भोंगा झाला. इंदूबाईंनी पदर कोटाच्या आत खोचला आणि बाकीच्या बायकांबरोबर त्या कामावर गेल्या.